जबड्याची जुळणी आणि शरीराचें स्वास्थ्य

पेण-रोह्याकडील एखाद्या जुन्या घराच्या पडवींत अजूनहि दगडी जातें दृष्टीस पडतें. त्याच्या दोन दगडांची बैठक बिघडली, म्हणजे पीठ भरड पडूं लागतें, दळणारीचा हात भरून येतो आणि दगडावर दगड घासून पिठांत कच येते. दोष इवलासा, पण त्याचें फळ हातांत, पिठांत आणि शेवटीं जेवणारांच्या पोटांत उतरतें. मनुष्याच्या मुखांतहि असेंच एक जातें बसविलेलें आहे. भेद इतकाच, कीं दगडी जात्याचा वरचा दगड फिरतो व खालचा स्थिर असतो. मुखांतील जात्याचा वरचा भाग कवटीस जखडलेला असून खालचा जबडा हलतो. या जात्याची बैठक बिघडली, तर साऱ्या शरीरावर तिचा कितपत परिणाम होतो, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांतून विचारला जातो. कोणी सांगतो, डोकेदुखी जबड्यामुळें; कोणी म्हणतो, मान, पाठ, कंबर, इतकेंच नव्हे तर चालण्याची ढबहि दांतांच्या जुळणीवर अवलंबून आहे. यांत खरें किती आणि फुगविलेलें किती, हें निवडून घेणें अगत्याचें आहे. कारण दुर्लक्ष केल्यास मुलांचें व वृद्धांचें नुकसान होतें. आणि भाबडेपणानें वाटेल त्या उपायास मान्यता दिल्यास चांगले दांत घासले जातात. घासलेला दांत पुन्हां वाढत नाहीं.

प्रथम या यंत्राची रचना पाहूं. कानाच्या किंचित् पुढें बोट ठेवून तोंड उघडलें व मिटलें, तर बोटाखालीं एक सांधा हलतांना जाणवतो. हाच हनुसंधि. असे दोन सांधे एकाच हाडाच्या दोन टोकांस आहेत, म्हणून एक हलला कीं दुसऱ्यास हलावेंच लागतें. तोंड उघडतांना हा सांधा प्रथम बिजागरीप्रमाणें फिरतो आणि मग पुढें घसरतो. दोन हाडांच्या मध्यें एक लवचिक चकती असते. ती जागची सरकली, म्हणजे जांभई देतांना 'टक्' असा आवाज येतो. जबडा हलविण्यास प्रत्येक बाजूस मुख्यतः चार स्नायू आहेत. दांत घट्ट आवळले असतां गालांत व कानशिलांवर जी टणक गांठ लागते, ती त्यांतल्याच दोन स्नायूंची होय. स्वस्थ मनुष्य निवांत बसला असतां त्याचे ओठ मिटलेले असतात, पण दांत एकमेकांस टेकलेले नसतात. त्यांच्यामध्यें सुमारें दोन ते चार मिलिमीटरांचें अंतर राहतें. दांतांस दांत लागावयाचे ते चावतांना व गिळतांना, आणि तेंहि क्षणभर.

आतां योग्य जुळणी कोणती? अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनीं १८९९ सालीं वरच्या व खालच्या पहिल्या पक्क्या दाढांच्या परस्परसंबंधावरून तिचे तीन वर्ग पाडले, आणि ते आजहि शिकविले जातात. खालचा जबडा फार मागें असेल, तर वरचे दांत पुढें आलेले दिसतात. फार पुढें असेल, तर खालचे दांत वरच्यांच्या बाहेर येतात. परंतु पुस्तकांतल्या चित्रासारखी निर्दोष जुळणी फारच थोड्या लोकांची असते. बहुतेकांचे दांत कोठें ना कोठें थोडे वांकडे असतात, आणि तरीहि ते सुखानें जेवतात, बोलतात व झोपतात. तेव्हां दांत वांकडे आहेत एवढ्यावरून रोग आहे असें ठरत नाहीं. जबड्याचा दोष शरीरांत जातो, तो मुख्यतः तीन वाटांनीं: अन्न, श्वास आणि वेदना.

पहिली वाट अन्नाची. येथें कोंकणच्या आहाराची एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या प्रांतीं ज्वारी-बाजरीची भाकरी हें मुख्य अन्न, तेथें दाढा गेल्या कीं त्याच दिवशीं घरांत कळतें. पेण-रोह्याकडे मुख्य अन्न भात. मऊ भात व आमटी हीं न चावतांहि घशाखालीं उतरतात, म्हणून वृद्ध माणसाच्या दाढा एकामागून एक गेल्या तरी 'आजी नीट जेवते' असेंच सर्वांस वाटत राहतें. प्रत्यक्षांत आजीच्या पानांतून काय काय नाहींसें झालें, हें कोणी पाहत नाहीं. प्रथम शेंगदाणे व हरभरे जातात, मग कच्ची काकडी व पेरू, मग तांदळाची भाकरी आणि सुकी मासळी. थंडींत घरचीं माणसें पोपटींतल्या वालाच्या शेंगा सोलीत बसतात, तेव्हां ती 'मला भूक नाहीं' असें म्हणून उठून जाते. शेवटीं उरतो तो भात, चहांत बुडविलेला पाव आणि पेज. पोट भरतें, पण प्रथिनें व चोथा कमी पडतो, आणि वजन व शक्ति हळूहळू उतरते. मधुमेह असेल, तर अशा पिठूळ आहारानें तो अधिकच आवरेनासा होतो.

एक दाढ गेली म्हणजे एकाच दाढेचें काम थांबतें, असेंहि नाहीं. शेजारचे दांत मोकळ्या जागेकडे कलतात, समोरचा दांत त्या खिंडीत उतरतो, आणि सारी रांगच ढळते. कललेल्या दांतांच्या फटींत अन्न अडकतें व हिरड्या सुजतात. हिरड्यांचा जुनाट रोग आणि मधुमेह हे एकमेकांस वाढवितात, हें आतां चांगलें सिद्ध झालेलें आहे. या वाटेनें जबड्याचा दोष खरोखरच सर्व शरीरापर्यंत पोंचतो.

दुसरी वाट श्वासाची. जीभ खालच्या जबड्यास बांधलेली आहे; जबडा लहान किंवा फार मागें असला, तर जीभहि मागें सरकून श्वासाची वाट अरुंद करते. पिएर रोबें या फ्रेंच दंतवैद्यानें १९२३ सालीं अशा नवजात अर्भकांकडे वैद्यांचें लक्ष वेधलें. त्यांची हनुवटी अत्यंत आंखूड असून जीभ मागें पडल्यामुळें श्वास कोंडत असे. इतका तीव्र दोष क्वचितच आढळतो. पण त्याचें सौम्य रूप मोठ्या माणसांत दिसतें. झोपेंत घसा शिथिल होऊन श्वास वारंवार अडकतो, मोठ्यानें घोरणें चालतें, मनुष्य दचकून श्वास घेतो, आणि सकाळीं डोकें जड घेऊन उठतो. यास डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. स्थूलपणा हें याचें मोठें कारण आहे. परंतु मागें असलेला जबडाहि त्यास हातभार लावतो, आणि अशी माणसें सडपातळहि असूं शकतात. या विकाराचा रक्तदाबाशीं व हृदयरोगाशीं निकटचा संबंध आहे. झोपतांना नाकावर मुखवटा लावून हवेचा दाब देणें हा त्यावरचा मुख्य उपाय. सौम्य विकारांत खालचा जबडा किंचित् पुढें धरणारें एक साधन रात्रीं दांतांवर बसवितात, आणि त्याचाहि उपयोग होतो.

मुलांच्या बाबतींत हीच गोष्ट उलट बाजूनेंहि घडते. नाकामागील ग्रंथि वाढून नाक चोंदलें, म्हणजे मूल तोंडानें श्वास घेऊं लागतें. तोंड सदा उघडें राहिल्यानें जीभ टाळूस टेकत नाहीं. आणि पुष्कळदां अशा मुलाचा टाळू अरुंद होऊन दांतांस जागा अपुरी पडते. तें रात्रीं घोरतें, अंथरूण ओलें करतें, दिवसा चिडचिडें होतें किंवा वर्गांत पेंगतें. अशा मुलास 'मठ्ठ' किंवा 'आळशी' म्हणून शिक्षा करण्यापूर्वीं त्याचें नाक, घसा व दांत तपासून घेणें, हें पालकांचें व शिक्षकांचें पहिलें कर्तव्य आहे.

तिसरी वाट वेदनेची. आणि याच वाटेवर अतिशयोक्ति फार झाली. सेंट लुई येथील कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनीं १९३४ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं मागच्या दाढा गेल्यानें जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, कानाजवळील भागावर दाब पडतो, आणि त्यामुळें कान दुखणें, कानांत आवाज येणें, चक्कर व डोकेदुखी हीं लक्षणें उद्भवतात. लक्षणें खरीं होतीं, परंतु त्यांनीं सांगितलेलें कारण पुढें शरीररचनेच्या अभ्यासकांच्या कसोटीस उतरलें नाहीं. आज असें समजतात, कीं हनुसंधीच्या बहुतेक दुखण्यांत स्नायूंचा थकवा, दांत आवळण्याची संवय, मनावरील ताण, अपुरी झोप आणि सांध्यास झालेली इजा यांचा मिळून वांटा असतो. दांतांची जुळणी हें त्यांतलें एक लहानसें आणि पुष्कळदां नसलेलेंच कारण असतें.

याचें उदाहरण पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत सहज कल्पितां येईल. गणेशचतुर्थी जवळ आली, म्हणजे कारागीर रात्रीं उशिरांपर्यंत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करीत बसतो. मान वांकलेली, दृष्टि कुंचल्याच्या टोंकावर, आणि नकळत दांतांवर दांत आवळलेले. महिनाभरानें त्याचीं कानशिलें ठणकूं लागलीं व घांस चावतांना गाल दुखूं लागला, तर दोष त्याच्या दाढांच्या उंचीचा नसतो. ज्या स्नायूंस दिवसांतून अगदीं थोडा वेळ जोर लावावयाचा, त्यांस त्यानें सतत राबविलेलें असतें. त्यास दर घटकेस ओठ मिटून दांत सुटे करण्यास, मान उचलण्यास, कांहीं दिवस मऊ अन्न घेण्यास आणि गालांस शेंक देण्यास सांगावें. अशा साध्या उपायांनीं बहुतेकांचें दुखणें कमी होतें.

उलट, कंबरदुखी, पाठीचा बांक, चालण्यांतील दोष हीं दांतांच्या जुळणीमुळें होतात आणि दांत घासून किंवा जबडा हलवून तीं बरीं होतात, या म्हणण्यास भरंवशाचा पुरावा मिळालेला नाहीं. मान व जबडा यांचे स्नायू एकमेकांशीं निगडित आहेत, म्हणून एकाचें दुखणें दुसऱ्यांत उमटतें, इतकें खरें. पण तेवढ्यावरून सबंध देहाची इमारत दांतांवर उभी आहे असें होत नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थांनीं १९९६ सालीं तज्ज्ञांची परिषद भरविली, तिचा सल्ला असा पडला, कीं या दुखण्यांत प्रथम सौम्य व मागें घेतां येण्याजोगे उपाय करावेत. निरोगी दांत घासणें, सर्व दांतांवर टोपणें बसविणें किंवा सांध्यावर शस्त्रक्रिया करणें हे मागें घेतां न येणारे उपाय होत. सबळ कारणावांचून त्यांची घाई करूं नये.

येथवर जबड्यामुळें शरीर कसें बिघडतें हें पाहिलें. परंतु कित्येकदां शरीर बिघडल्याची पहिली वर्दी जबडा देतो. 'दांतखीळ बसणें' हा शब्दप्रयोग मराठींत जुना आहे. धनुर्वातांत प्रथम जबडाच आंखडतो. जखमेनंतर असें झाल्यास क्षणाचाहि विलंब न करतां रुग्णालय गांठावें. चालतांना किंवा जिना चढतांना खालच्या जबड्यांत कळ येऊन विसांव्यानें ती थांबत असेल, तर ती दांताची नसून हृदयाची असूं शकते; तिच्या जोडीस घाम, धाप किंवा छातींत दडपण असेल, तर दंतवैद्याकडे जाण्यांत वेळ दवडूं नये.

तिसरी वर्दी सुपारीची आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या जिल्ह्याचें भूषण, त्या जिल्ह्यास हें सांगणें कडू वाटेल. तथापि सुपारी व गुटखा सतत चघळल्यानें गालाची आंतली त्वचा पांढुरकी व ताठ होते आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडूं लागतें. मुंबईचे डॉक्टर जोशी यांनीं १९५३ सालीं या विकाराचें वर्णन केलें. त्याची परिणति कांहीं जणांत कर्करोगांत होते. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ सालीं बंदी आली, परंतु सुपारी घरोघर आहेच. स्वतःचीं तीन बोटें उभीं धरून पुढच्या दांतांमध्यें मावत नसतील, तर तपासणी करून घ्यावी.

मग गृहस्थानें करावें काय? मूल सहा वर्षांचें झालें, म्हणजे दुधाच्या दांतांच्या मागें, कोणताहि दांत न पडतां, पहिली पक्की दाढ येते. तीहि दुधाचीच समजून पुष्कळ आईबाप तिची हयगय करतात. वस्तुतः साऱ्या जुळणीचा तोच आधारस्तंभ. चार वर्षांनंतरहि अंगठा चोखण्याची संवय टिकली, तर ती मायेनें सोडवावी. सात वर्षांच्या सुमारास मुलाचे दांत एकदां तज्ज्ञाकडून पाहून घ्यावेत. वृद्धांच्या गेलेल्या दाढांच्या जागीं कवळी बसवावी आणि ती सैल झाल्यास बदलावी. पेण व रोहा येथें उपजिल्हा रुग्णालयें आहेत. अधिक तपासणीसाठीं मुंबईस १९३३ पासून चालत आलेलें नायर दंतमहाविद्यालय आहे. आणि कोणी मोठा, खर्चाचा, मागें घेतां न येणारा उपाय सुचविला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घेतल्यावांचून होकार देऊं नये.

दगडी जातें बोथट झालें, तर टांकी लावणारा येई, दोन घटका दगड ठोकी, आणि जातें पुन्हां दळूं लागे. मुखांतील जात्यास टांकी लावण्याची सोय निसर्गानें ठेविलेली नाहीं. म्हणून त्याची निगा लहानपणापासून राखावी, त्याच्या तक्रारीकडे वेळीं लक्ष द्यावें; पण ज्या दुखण्याचें मूळ दुसरीकडे आहे, त्यासाठीं या जात्यावर हत्यार चालवूं देऊं नये.