मधल्या सुट्टीतले फादर

मुंबईच्या उपनगरात, फक्त मुलग्यांच्या एका कॅथलिक शाळेत मी २६ वर्षं मराठी शिकवलं. रुजू झाले तेव्हा आईला काळजी वाटली होती. ‘एका वर्गात साठ पोरं, कशी आवरशील?’ ते आवरणं दोन वर्षांत जमलं. दुसरा एक प्रश्न मात्र बरीच वर्षं पुरला. या मुलांना दुसऱ्याचं दुःख दिसावं, यासाठी शाळेने नेमकं काय करायचं?

सातवीच्या एका वर्गात शाळेतल्याच एका शिपायाचा मुलगा होता. हुशार, अबोल, तिसऱ्या बाकावर बसायचा. वडील नोटीस घेऊन वर्गात आले की तो वहीत डोकं खुपसायचा, कारण इतर मुलं त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची. पन्नाशीचा माणूस, आणि बारा वर्षांची पोरं त्याला ‘ए, नळाला पाणी नाहीये, बघ जरा’ म्हणायची. एकदा एकाने माझ्यासमोर चुटकी वाजवून त्यांना बोलावलं. मी संतापले. त्या मुलाला उभं करून पुष्कळ बोलले आणि ‘मी मोठ्यांचा आदर करीन’ हे वाक्य शंभर वेळा लिहून आणायला लावलं. त्याने वळणदार अक्षरात आणलं. आठवड्याने जिन्यात तीच चुटकी पुन्हा ऐकू आली.

मी सुपरवायजर फादरांकडे गेले. ते गोव्याचे. सगळं ऐकून घेतलं आणि ‘बघू, टीचर’ एवढंच म्हणाले. पुढच्या सोमवारपासून सातवीतली तीन-तीन मुलं आठवडाभर सकाळी साडेसहाला शाळेत येऊ लागली, शिपाईकाकांच्या हाताखाली. ही शिक्षा नव्हती. पाळ्या हजेरीपटाच्या क्रमाने लावल्या होत्या. त्यात चुटकीवाला होता तसा काकांचा मुलगाही होता. तीन मजल्यांच्या खिडक्या उघडायच्या, फळे पुसायचे, पाण्याची टाकी बघायची आणि घंटा द्यायची. आमची घंटा म्हणजे जाड पितळी थाळी आणि लाकडी हातोडा. दहा टोल दिले की मनगटापर्यंत मुंग्या येतात, हे शाळेत सात वर्षं काढलेल्या मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत फादर त्या तिघांबरोबर मैदानाच्या कठड्यावर बसत. ‘काय शिकलात?’ असं त्यांनी कधी विचारलं नाही. ‘काय पाहिलंत?’ असं विचारत. एकदा मी जवळच उभी होते. चुटकीवाला मुलगा म्हणाला, ‘फादर, काकांचा चहा रोज गार होतो. कँटीनमधून चहा येतो आणि तेवढ्यात त्यांना घंटेसाठी उठावं लागतं.’

फादर म्हणाले, ‘मग?’

पोरगा गप्प बसला. सोमवारी, पाळी संपलेली असताना, तो सकाळी घंटेपाशी हजर. ‘काका, तुम्ही चहा घ्या. मी देतो टोल.’ हळूहळू तो शब्द वर्गभर झाला. काका.

फादरांना ही रीत वारशाने मिळाली होती. आमची शाळा डॉन बॉस्कोंच्या परंपरेतली. त्यांचे अनुयायी, सालेशियन धर्मगुरू, १९०६ साली तंजावरला आले. माटुंग्याची त्यांची शाळा तर मुंबईकरांना ठाऊकच आहे. पण ज्यांच्या नावाने ती चालते तो माणूस फार थोड्यांना माहीत असतो. इटलीत तुरीनजवळच्या एका खेड्यात १८१५ साली शेतकऱ्याच्या घरी जन्म. दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडील गेले, आईने वाढवलं. पुढे धर्मगुरू होऊन शहरात आला, तेव्हा तुरीनमध्ये कामाच्या शोधात आलेली बेवारस पोरं रस्त्यांवर आणि तुरुंगांत दिसायची.

८ डिसेंबर १८४१ ची एक गोष्ट त्यांच्याबद्दल सांगितली जाते. चर्चमध्ये एक मुलगा थंडीत कोपऱ्यात उभा होता. प्रार्थनेच्या वेळी मदत करायला येत नाही म्हणून तिथल्या सेवकाने त्याला मारून हाकललं. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावून घेतलं. आईबाप नाहीत, गवंड्याच्या हाताखाली काम करतो, लिहिता-वाचता येत नाही, गाता येत नाही. ‘मग शीळ घालता येते का?’ तेव्हा तो पोरगा हसला. शिक्षकी पेशातली मी. मला या गोष्टीत तो शिळेचा प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो. पोराला जे येत नाही त्याची यादी करायला कुणालाही जमतं.

१८७७ साली त्यांनी आपली पद्धत थोडक्यात लिहून काढली. समजुतीने सांगणं, श्रद्धा आणि माया, एवढ्यावर ती उभी आहे. चूक घडल्यावर शिक्षा करण्यापेक्षा मोठ्यांनी मुलांत इतकं मिसळलेलं असावं की चूक घडण्याची वेळच कमी यावी. म्हणून शिक्षकाची जागा मैदानातही असते. शिक्षेचं म्हणाल, तर आपल्याकडे छडीवर देशभर कायद्याने बंदी आली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात. १८८४ साली रोमहून आपल्या माणसांना लिहिलेल्या पत्रात डॉन बॉस्कोंचा भर आणखी एका गोष्टीवर आहे: मुलांवर नुसती माया असून भागत नाही, ती मुलांना जाणवली पाहिजे.

आणि ही माया म्हणजे लाड नव्हेत. १८५४ साली तुरीनमध्ये कॉलरा आला. घरचे लोकही रुग्णाजवळ जायला धजत नव्हते, तेव्हा डॉन बॉस्कोंच्या वसतिगृहातली मोठी मुलं सेवेला गेली. चादरी कमी पडल्या तेव्हा डॉन बॉस्कोंच्या आईने, मार्गेरिताने, घरातलं होतं नव्हतं ते कापड काढून दिलं. ज्यांना कुणी आपलं म्हणत नव्हतं त्याच मुलांवर दुसऱ्यांना जपायची जबाबदारी दिली गेली. आमच्या साडेसहाच्या पाळीचं मूळ मला इथे दिसतं.

आमच्या वर्गात ख्रिस्ती मुलं थोडी, बाकी हिंदू, मुसलमान, जैन, बौद्ध. सकाळची प्रार्थना सगळे म्हणत, आणि ‘श्यामची आई’ मी सगळ्यांना शिकवी. ती लिहिणारे, अंमळनेरच्या वसतिगृहात मुलांची सेवा करणारे साने गुरुजी मी फादरांना सांगितले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. त्या पुस्तकातला श्याम रडतो, तसं आमच्या मुलांना रडू देत नाहीत. ‘मुलीसारखा काय रडतोस’ हे वाक्य घरून शिकून येतात. ज्याला स्वतःचं रडू लाजिरवाणं वाटतं, त्याला दुसऱ्याचं कसं कळणार? याबाबतीत फक्त मुलग्यांची शाळा उणी पडते, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलगी वर्गात शेजारी नसते, तर ती पोरांच्या चेष्टेत असते. चेष्टा ऐकली की मी शिकवणं थांबवत असे, पण रोजच्या सहवासाची जागा त्याने भरून निघत नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. मुलांच्या विश्वासाचा गैरवापर करणारे धर्मगुरू जगभर निघाले. त्या जखमा खऱ्या आहेत. मोठ्यांची जवळीक चारचौघांच्या डोळ्यांसमोर असावी. आमचे फादर मैदानात, कठड्यावर बसत. मुलाशी बोलायचं तर खोलीचं दार सताड उघडं. कुठल्याही शाळेत पालकांनी एवढं पाहून घ्यावं.

फादरांची एक सवय मी उचलली. वर्गात शिरलं की ते आधी विचारत, ‘आज कोण आलं नाही?’ आणि लगेच, ‘का?’ शेजारी बसणाऱ्याला माहीत नसेल तर दुसऱ्या दिवशी त्याने कळवायचं. वर्षभरात वर्गाला एकमेकांची घरं कळत. कुणाची आजी आजारी, कुणाच्या बाबांची नोकरी गेलेली, कुणाकडे फीचे पैसे नाहीत म्हणून तो घरीच बसलेला.

तुमचा मुलगा आज शाळेतून आला की चाचणीत किती गुण पडले, हे जरा उशिरा विचारा. आधी विचारा, आज वर्गात कोण आलं नव्हतं.