चुकीच्या खात्यावर पडलेली तक्रार

बँकेत असताना मी शेकडो मोटारींना कर्ज दिले. कोटेशन, आर. सी. बुक, विम्याचे कागद, हायपोथिकेशनची नोंद, सगळे डोळ्यांत तेल घालून तपासायचो. बॉनेट मात्र एकदाही उघडून पाहिले नाही. कागद स्वच्छ म्हणजे गाडी स्वच्छ, अशी आमची भाबडी समजूत. त्या समजुतीचे व्याज मला निवृत्तीनंतर भरावे लागले.

आमची गाडी २००८ ची. पंधरा वर्षे भरली तेव्हा, २०२३ मध्ये, पाच वर्षांसाठी फेरनोंदणी करून आणली. हॉर्न वाजला, दिवे लागले, ब्रेक लागले, पास! पण म्हाताऱ्या माणसासारखेच म्हाताऱ्या गाडीचे असते. डॉक्टरांसमोर बसले की दुखणे गायब. पावसात वायपर मध्येच थबके, खड्डा आला की इंडिकेटर भराभरा डोळे मिचकावी आणि दर पंधरा-वीस दिवसांनी एक फ्यूज उडे. सर्व्हिस सेंटरला नेली की कार्डावर ठरलेला शेरा येई : ‘तपासले. दोष आढळला नाही.’

सौ. मात्र दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर टिपू लागली. ‘१२ जून. जोराचा पाऊस. वायपर आणि इंडिकेटर एकदम बंद. खड्ड्यानंतर पुन्हा सुरू.’ अशा अकरा नोंदी झाल्या. मी हसलो. म्हटले, ‘‘अगं, जुनी गाडी आहे. एवढी किरकिर चालायचीच.’’

आणि एके दिवशी रस्त्याकडेच्या एका वायरिंगवाल्याला सांगितले, ‘‘सारखा फ्यूज उडतो. काहीतरी कायमचं करून टाक बाबा.’’ त्याने निळा फ्यूज काढून हिरवा बसवला. पन्नास रुपये घेतले. फ्यूज उडायचा थांबला. मी खूष!

त्यानंतर महिनाभराने, २०२४ च्या जुलैमध्ये, आम्ही वाईला निघालो होतो. मागच्या सीटवर सौ. आणि सहा वर्षांचा नातू. खंबाटकी घाट चढताना प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. पुढच्या ट्रकचा असेल म्हणून मी काच बंद केली. दुसऱ्याच वळणावर हेडलाइट गेले, वायपर थांबले आणि डॅशबोर्डखालून धूर येऊ लागला. गाडी कशीबशी कडेला घेतली. काचांची बटणे दाबली, काच हलेना. मागच्या दारांना चाइल्ड लॉक. आतून उघडणार नाहीत. मी बाहेर पडून त्यांच्या बाजूचे दार ओढले, तर सेंट्रल लॉक अडकलेले. नातू काचेला दोन्ही तळवे लावून माझ्याकडे बघत होता. ते तळवे अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

‘‘अहो, आधी चावी बंद करा!’’ सौ. आतून ओरडली. मी पुढच्या दारातून वाकून, हात मागे घालून कुलपाची खुंटी बोटांनी वर ओढली. दोघे बाहेर आले. मागून आलेल्या एका ट्रकचालकाने पाना काढून बॅटरीची वायर सोडवली, तेव्हा धूर थांबला. तो नाव न सांगताच निघून गेला.

पुण्यात एका जाणत्या वायरमनने डॅशबोर्ड उघडला. उंदराने कुरतडलेली एक वायर गाडीच्या पत्र्याला टेकत होती. पावसाळी दमटपणात, खड्ड्याच्या धक्क्याने ती जास्तच टेके. म्हणून फ्यूज उडे. निळा फ्यूज १५ अँपिअरचा, हिरवा ३० चा. वायर निळ्याच्या बेताची जाड. फ्यूज वितळायचा तो वायर वाचावी म्हणून. हिरवा वितळला नाही, म्हणून वायर वितळली आणि शेजारच्या चार वायरींना घेऊन गेली. ‘‘हा हिरवा कुणी घातला?’’ त्याने विचारले. मी गप्प. सौ. शांतपणे म्हणाली, ‘‘यांनी सांगितला.’’

मग सवयीने मी अशा प्रकरणांचे वाचन सुरू केले. अमेरिकेत २०१४ साली जनरल मोटर्सने सदोष इग्निशन स्विचपायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. किल्ल्यांचा जड जुडगा किंवा रस्त्याचा एखादा धक्का एवढ्यानेही धावत्या गाडीत किल्ली मागे फिरे. इंजिन बंद, स्टिअरिंग जड आणि धडक बसली तर एअरबॅगही उघडत नसे. गाडी मध्येच बंद पडते, हे मालक कितीतरी वर्षे सांगत होते. पण कंपनीत ती तक्रार ‘ग्राहकाची गैरसोय’ या सदरात टाकली गेली. ‘सुरक्षितता’ या सदरात नव्हे. पुढे भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

वाचताना कान गरम झाले. तक्रार कुणी ऐकलीच नाही, असे नव्हते. ती चुकीच्या खात्यावर पडली होती. मी तरी काय वेगळे केले? सौ.च्या अकरा नोंदी ‘किरकिर’ या खात्यावर टाकल्या.

आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला, २०२१ पासून नियमही लागू झाले. पण ती वाट सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी. त्यापुढच्या गाडीला वाली तिचा मालकच. म्हणून चार गोष्टी सांगतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला. पुन्हा उडाला तर कारण शोधा. जळका वास आला तर तो आपलाच समजा आणि थांबा. दाराचे कुलूप हाताने कसे उघडते, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. आणि दोष केव्हा, कुठे, कसा दिसला ते तारखेनिशी लिहा. त्या वायरमनने डॅशबोर्डला हात लावण्याआधी ती वही वाचली होती.

वायरिंग नवे केले आणि गाडी विकायला काढली. एक तरुण आला, बरोबर बायको आणि कडेवर मुलगी. ‘‘काका, गाडीची काही कंप्लेंट?’’ ‘एकदम ओके’ हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात सौ.ने वही आणून त्याच्या हातात दिली. त्याने उभ्या उभ्या सगळी पाने वाचली, सात हजार रुपये कमी करून मागितले. मी दिले.

जाताना तो म्हणाला, ‘‘काका, ही वहीपण देता का?’’

दुधाचा हिशेब आता नव्या वहीत चालू आहे.