सरस्वती महासमूह

सरस्वती महासमूह हा मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर असलेला दीर्घिकांचा अतिविशाल महासमूह आहे. पुण्यातील आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र (आयुका) येथील जॉयदीप बागची व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावलेला हा शोध जुलै २०१७ मध्ये 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल' या संशोधनपत्रिकेच्या ८४४व्या खंडात प्रसिद्ध झाला.

शोध

या संशोधनासाठी स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या सर्वेक्षणातील, खगोलीय विषुववृत्तालगतच्या 'स्ट्राइप ८२' पट्ट्याची माहिती वापरण्यात आली. छायाचित्रात जवळच्या व दूरच्या दीर्घिका शेजारी-शेजारी दिसतात. वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूकडे किती सरकल्या आहेत (ताम्रसृती), यावरून त्यांचे अंतर काढता येते व त्रिमितीय नकाशा तयार होतो. या नकाशात दीर्घिकांची भिंतीसारखी रचना आढळली.

शोधनिबंध

निबंधाच्या सहा लेखकांमध्ये शिशिर सांख्यायन आणि सोमक रायचौधुरी यांचा समावेश होता. रायचौधुरी यांनी १९८९ मध्ये 'नेचर'मधील निबंधात शॅप्ली महासमूहाचे वर्णन केले होते.

सरस्वतीचा विस्तार किमान २०० मेगापार्सेक, म्हणजे सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षे असून तिच्या मुख्य भागात दीर्घिकांचे किमान ४३ समूह आहेत, असे निबंधात म्हटले आहे. एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे २ कोटी अब्ज पट आहे. मध्यवर्ती भाग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावत असावा, असा निष्कर्ष मात्र गणिती प्रारूपावर आधारित असल्याने शक्यतेच्या भाषेत मांडला आहे.

अशा पत्रिकांत निबंध स्वीकारण्यापूर्वी तज्ज्ञ परीक्षक त्याची पद्धत, गणिते आणि निष्कर्ष तपासतात. परीक्षक सहसा निरीक्षणे पुन्हा घेत नाहीत. त्यामुळे प्रसिद्धी हा अंतिम निवाडा नसतो. सर्वेक्षणाची माहिती सर्वांसाठी खुली असल्याने इतर संशोधकांनाही हा दावा स्वतंत्रपणे पडताळता येतो.

महत्त्व

आज दिसणारा प्रकाश सरस्वतीपासून निघाला, तेव्हा विश्वाचे वय सुमारे १,००० कोटी वर्षे होते. प्रचलित सिद्धान्तानुसार आरंभीच्या घनतेतील सूक्ष्म फरक गुरुत्वाकर्षणामुळे वाढत जाऊन मोठ्या रचना बनल्या, तर कृष्ण ऊर्जा ही वाढ मंदावते. एवढ्या काळात इतकी प्रचंड रचना कशी घडली, हे तपासणे ही या सिद्धान्ताची एक कसोटी ठरते.