उदाहरणाची मांडणी

पदार्थविज्ञानाचें उदाहरण अडलें कीं विद्यार्थी वही घेऊन वडील भावाकडे धांवतो. भाऊ उत्तर काढून देतो, आणि पुढील आठवड्यांत तोच विद्यार्थी तशाच उदाहरणापाशीं पुन्हा अडतो. आमच्या मतें मदत मागण्यांत कांहीं गैर नाहीं. काय मागावें हें मात्र कळलें पाहिजे.

एक उदाहरण घेऊं. ४० मीटर उंच कड्यावरून दगड सेकंदास १० मीटर वेगानें सरळ वर फेंकला. तो पायथ्याशीं केव्हां पडेल? गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग सोयीसाठीं ९.८ ऐवजीं १० मीटर प्रति-सेकंद-प्रति-सेकंद धरूं. सूत्र सर्वांस पाठ असतें. दिशा ठरविण्याचें मात्र कित्येकांस सुचत नाहीं. आकृति काढून वरची दिशा धन मानली, तर वेग धन, प्रवेग व स्थानांतर दोन्ही ऋण, आणि काळ ४ सेकंद येतो. घाईनें तिन्ही राशि धन लिहिल्या, तर २ सेकंद येतात. परंतु दगड वर जाऊन फेंकणाराच्या हातापाशीं परत येण्यासच २ सेकंद लागतात! गंमत अशी कीं, हेंही उत्तर खरेंच आहे. मात्र तें त्याच वेगानें दगड खालीं फेंकणाराचें. गणित बिनचूक, प्रश्न दुसराच.

म्हणून मदतीस जातांना कोरी वही नेऊं नये. आकृति, दिलेल्या राशि एककांसह, आणि काय काढावयाचें, एवढें लिहून न्यावें. "हें सोडवून द्या" म्हणण्याऐवजीं "येथें स्थानांतर ऋण कां?" असें विचारावें. पालकांस शास्त्र येत नसलें तरी अडत नाहीं; "दगड आधीं कोणीकडे गेला, बाळ?" एवढें त्यांनीं विचारलें, तरी पुष्कळदां मुलाची चूक मुलासच दिसते.