लिलावाच्या आधी तडजोड

नाशिक जिल्ह्यातल्या कळवणचा कांदा उत्पादक एका दिवसात कर्जबाजारी होत नाही. पीककर्ज विकास सोसायटीचं असतं, ट्रॅक्टर बँकेच्या हप्त्यावर आणि खतं-औषधं दुकानदाराकडून उधारीवर घेतलेली असतात. उन्हाळ कांदा चाळीत असताना भाव कोसळला की तिन्ही देणी एकदम अंगावर येतात. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा नाशिक जिल्ह्याने भाव कोसळण्याचा फटका सोसला.

पुढचा टप्पा सरकारी कागदांचा. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघतो, मग जप्ती आणि शेवटी लिलाव. या वाटेवर कर्जदाराला थांबता येतं का?

कंपनीला येतं. 2016 च्या दिवाळखोरी संहितेने कंपन्यांना कर्जाच्या फेररचनेची मुदतबद्ध प्रक्रिया दिली आणि 2021 पासून लघुउद्योगांसाठी आधीच ठरवलेल्या तडजोडीची सोयही झाली. त्याच संहितेत गरीब व्यक्तीला अगदी लहान कर्जातून मुक्त करणारी तरतूद आहे, पण ती अजून लागू झालेली नाही. संहितेचा व्यक्तींबाबतचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून सुरू झाला तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांसाठी. नाशिकसारख्या जिल्ह्यातल्या सामान्य माणसासाठी अजून 1920 चा नादारी कायदाच आहे.

अडलेल्या कर्जदाराचा हा प्रश्न नवा नाही; इस्लामी न्यायशास्त्राने तो फार आधी हाताळला. कर्जदार तंगीत असेल तर त्याला सवड द्या, माफ केलं तर अधिक चांगलं, असा कुराणाच्या दुसऱ्या सूरेचा आदेश आहे. ऐपत असून टाळाटाळ करणारा मात्र अन्याय करतो, असं हदीस सांगते. पैगंबरांचे सहकारी मुआझ इब्न जबल कर्जात बुडाले, तेव्हा त्यांची मालमत्ता विकून घेणेकऱ्यांना वाटण्यात आली, अशी परंपरा आहे. फेडणं अशक्य झालेल्याच्या व्यवहारांवर काझीने बंधन घालावं, त्याची मालमत्ता विकून रक्कम देण्यांच्या प्रमाणात वाटावी, असं बहुतेक फकीह (इस्लामी न्यायशास्त्रज्ञ) मानतात. इमाम अबू हनीफांना शहाण्या प्रौढावर असं बंधन घालणं मान्य नव्हतं. त्यांच्याच शिष्यांनी ते मान्य केलं. आपसांतल्या तडजोडीला शरियतची मुभा आहे आणि जकात या धार्मिक दानाच्या आठ हक्कदारांत कर्जदारही आहे.

फेडू न शकणारा आणि टाळाटाळ करणारा यांतला हाच भेद आपल्या न्यायालयांनीही मानला आहे. 1980 मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की केवळ गरिबीमुळे पैसे न देऊ शकणाऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. त्याची बदनियत दिसली पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं न्यायालयाच्या जप्तीतून वगळलेलं आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, हा दामदुपटीचा जुना नियम महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यातही आहे.

कळवणसारख्या आदिवासीबहुल तालुक्यात याच सावकारी कायद्याचं कलम 18 फार मोलाचं आहे. बेकायदा सावकाराने गेल्या पंधरा वर्षांत कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर चौकशीनंतर जिल्हा उपनिबंधक ती परत देऊ शकतात. शिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या नावे करायला महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार परवानगी लागते.

हे सगळं वेळेवर वापरलं तरच कामाचं. नोटीस आली की शेतकरी ती कोनाड्यात ठेवून देतो आणि व्याज वाढत राहतं. खरं तर एकरकमी परतफेडीची बोलणी नोटिशीच्या आधी करावी, भरायची रक्कम लेखी ठरवून घ्यावी आणि भरणा झाला की सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्यावा. प्रकरण लोकअदालतीत मिटलं तर निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

कर्जाचा पहिला हप्ता चुकला की त्याच आठवड्यात बँकेत किंवा सोसायटीत जाऊन बोला. बोलणी फिसकटली तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.