बिश्केकचं तिकीट कुठपर्यंत?

ऑक्टोबर २०२२ मध्ये रत्नागिरीच्या दोन्ही अंगांना विश्वचषक चालू होता. कोकण रेल्वेनं वर गेलं की नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, खाली उतरलं की मडगावजवळचं फातोर्डा. मुलींच्या १७ वर्षांखालील फिफा विश्वचषकाच्या तीन मैदानांपैकी दोन अशी हाताशी होती. दोन्ही उपांत्य सामने गोव्यात झाले आणि ३० तारखेला नवी मुंबईत स्पेननं कोलंबियाला १-० असं हरवून चषक नेला. भारताचे तिन्ही सामने मात्र तिसऱ्या मैदानावर, भुवनेश्वरला होते. त्या महिन्यापासून एक समज पक्का बसला आहे: आपल्या मुली विश्वचषकाला पात्र ठरल्या होत्या.

ठरल्या नव्हत्या. भारत यजमान होता आणि यजमानाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही. हा प्रवेश यजमानपदाला किती घट्ट बांधलेला होता, ते स्पर्धेच्या दोन महिने आधीच दिसलं. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं, तेव्हा यजमानपदाबरोबर मुलींची जागाही जाणार अशी वेळ आली होती. निलंबन त्याच महिन्यात उठलं म्हणून त्या खेळल्या.

खेळल्या त्या अशा: अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. यातला मोरोक्कोचा सामना विशेष लक्षात घ्यावा असा आहे. मोरोक्कोचाही तो पहिलाच विश्वचषक होता, पण तो संघ आफ्रिकेची पात्रता फेरी जिंकून आला होता. तीच गोष्ट टांझानियाची. तोही नवखा संघ, तोही पात्रता फेरीतून आलेला. त्यानं फ्रान्सला हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. फुकटच्या प्रवेशानं मोठं मैदान दिसतं, पण हरलो तर घरी जायचं अशा सामन्यांची सवय लागत नाही. ती पात्रता फेरीतच लागते.

दुसरा गैरसमज ताजा आहे आणि त्याला कारणही आनंदाचं आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये भारताच्या १७ वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानला २-१ असं हरवलं. मध्यंतराला त्या एका गोलनं मागे होत्या. बदली म्हणून उतरलेल्या थंडामोनी बास्केनं बरोबरी साधली, अनुष्का कुमारीनं विजयी गोल केला. बातमी आली आणि पुष्कळांनी तिचा अर्थ ‘विश्वचषकाचं तिकीट मिळालं’ असा लावला. तिकीट मिळालं ते चीनमधल्या २०२६ च्या आशियाई चषकाचं.

रत्नागिरीच्या क्रीडाशिक्षकांना ही उतरंड समजावून सांगावी लागणार नाही. शालेय स्पर्धेत तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. रत्नागिरीची मुलं शालेय खेळांत कोल्हापूर विभागात मोडतात, म्हणजे जिल्हा जिंकला तरी पुढे फुटबॉलची पेठच असलेलं कोल्हापूर उभं असतं. जिल्ह्याचा चषक हातात घेऊन कुणी राज्य जिंकल्याचं सांगत नाही. आशियातही तसंच. आधी पात्रता फेरी, तिथला गटविजेता आशियाई चषकात, आणि आशियाई चषकातले पहिले चार संघ विश्वचषकात. बिश्केक ही यातली पहिली पायरी होती. मोठी पायरी होती हेही खरं, कारण मुलींच्या या वयोगटातल्या आशियाई स्पर्धेत भारत यापूर्वी २००५ मध्ये दिसला होता.

मग प्रश्न येतो की जपान, उत्तर कोरिया बिश्केकसारख्या ठिकाणी का दिसत नाहीत? सगळ्यांनाच पात्रता फेरी खेळावी लागते, हा तिसरा गैरसमज. मागच्या आशियाई चषकातले पहिले तीन संघ आणि यजमान थेट जातात. २०२४ च्या क्रमानुसार उत्तर कोरिया, जपान आणि दक्षिण कोरिया, शिवाय यजमान चीन, अशा चार जागा आधीच भरलेल्या. उरलेल्या आठ जागांसाठी आठ गट. या आठ जागाही २०२६ पासूनच्या. त्याआधी आशियाई चषकात एकूण संघच आठ असत, आता बारा आहेत. दार रुंद झाल्याचा फायदा भारताला झाला, हे मान्य करायला कमीपणा नाही. पण आतल्या खोलीत कोण बसलंय तेही पाहावं: उत्तर कोरियानं २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले, दुसऱ्या वेळी अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ३-० असं हरवून. आशियातून पहिल्या चारांत येणं म्हणजे यांच्या पंगतीत बसणं.

‘पात्रता फेरी म्हणजे भरपूर सामने, एखादा हरला तरी चालतं’ असं वाटणाऱ्यांनी बिश्केकचं वेळापत्रक पाहावं. गटात तीन संघ, भारताला सामने दोन. १३ ऑक्टोबरला किर्गिझस्तानवर २-१, चार दिवसांनी उझबेकिस्तानवर २-१, संपलं. घरच्या आणि परक्या मैदानावर एकेक सामना हा प्रकारही इथे नसतो. सगळा गट एकाच शहरात जमतो आणि आठवड्याभरात निकाल लागतो. वरिष्ठ महिला संघाचं फिफा मानांकन पाहून या मुलींचा अंदाज बांधणंही फसवं, कारण गटवारी करताना त्याच वयोगटातली आधीची कामगिरी धरली जाते.

गोलांच्या हिशेबाचंही तसंच. दुबळ्या संघाला धुऊन काढलं की काम झालं, ही क्रिकेटच्या नेट रन रेटवरून आलेली समजूत असावी. आशियाई महासंघाच्या नियमात दोन संघांचे गुण सारखे झाले तर आधी त्या दोघांमधला सामना बघतात, एकूण गोलफरक नंतर. वीस वर्षांखालील मुलींनी ऑगस्ट २०२५ मध्ये यांगूनला तुर्कमेनिस्तानवर ७-० असा विजय मिळवला होता. पण त्यांना आशियाई चषकात नेलं ते शेवटच्या सामन्यातल्या पूजाच्या एकुलत्या एका गोलनं. तो यजमान म्यानमारविरुद्ध होता.

वयाबद्दलचा घोळ सर्वांत जुना. ‘१७ वर्षांखालील’ म्हणजे सामन्याच्या दिवशी सतरा पूर्ण नकोत, असं नाही. जन्मवर्ष बघतात. २०२२ च्या विश्वचषकासाठी १ जानेवारी २००५ ते ३१ डिसेंबर २००७ या काळात जन्मलेल्या मुली चालत होत्या. म्हणजे जानेवारीत जन्मलेली मुलगी स्पर्धेच्या वेळी पावणेअठरा वर्षांची असू शकत होती. २०२६ साठी १ जानेवारी २००९ ही सीमा आहे. जानेवारी आणि डिसेंबरमधल्या जन्मात या वयात जवळजवळ वर्षाच्या वाढीचा फरक पडतो, आणि निवड चाचणीत थोराड मुलगी आधी डोळ्यांत भरते. डिसेंबरची हुशार मुलगी मागे राहते ती बहुधा याच कारणानं. मुलांच्या गटात मनगटाचा एमआरआय काढून वय ताडून पाहतात. मुलींची हाडं आधी जुळत असल्यानं ती कसोटी त्यांना तशीच लावता येत नाही. त्यामुळे कागदपत्रांना जास्त वजन.

राहिला शेवटचा: हा खेळ मणिपूरच्या मुलींचा, आपल्याकडच्या मुलींनी खो-खो, कबड्डी बघावी. रत्नागिरीनं खो-खोला नावाजलेल्या मुली दिल्या हे खरंच, आणि पळती, वळती पावलं फुटबॉललाही लागतात. २०२२ च्या भारतीय संघात मणिपूरचा वाटा मोठा होता, पण कर्णधार अस्तम उरांव झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली होती आणि त्याच संघात पुण्याची काजोल डिसोझाही होती. महाराष्ट्रातल्या मुलीला रस्ता नाही असं म्हणता येत नाही. अडचण आहे ती सामन्यांच्या संख्येची. वर्षातून एक सुब्रतो चषक आणि एक शालेय स्पर्धा, त्यातही पहिल्याच फेरीत गारद झालं की वर्ष संपलं. एवढ्यावर बिश्केकसारख्या दोन सामन्यांचा ताण पेलणारी खेळाडू घडत नाही. जिल्ह्यात मुलींची एखादी छोटी लीग, पावसाळा संपल्यावर चार महिने, एवढं जरी सुरू झालं तरी फरक दिसेल.

एक गोष्ट मुलींच्या बाजूनं बदलली आहे. मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक पूर्वी दोन वर्षांनी व्हायचा. २०२५ पासून तो दर वर्षी आहे, २४ संघांचा आहे, आणि २०२९ पर्यंतच्या पाचही स्पर्धा मोरोक्कोत आहेत. सध्याच्याच हिशेबानं २०२९ साठी १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतरचा जन्म लागेल. ज्यांच्या घरी अशी फुटबॉल खेळणारी मुलगी आहे त्यांनी तिचा जन्मदाखला, शाळेच्या रजिस्टरमधली तारीख आणि आधारवरची तारीख आजच एकदा ताडून पाहावी. फरक असेल तर निवड चाचणीच्या आधी दुरुस्त करून घ्यावा.