स्वतःचीच काठी स्वतःला का लागते?

ज्यांना प्रवासात ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जे "म्हणजे... अं..." झालं ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय जरा लाजिरवाणा आहे. माझ्या डाव्या हाताची अनामिका, म्हणजे अंगठीचं बोट, शेवटच्या पेरापाशी थोडं वाकलेलं आहे. सरळ करायला गेलो तरी टोक खालीच राहतं. कुणी विचारलं की मी "लाठी शिकताना लागलं" असं जरा छाती फुगवून सांगतो. समोरच्याला वाटतं, कुणाशी तरी लढताना लागलं असेल. समोर कुणीच नव्हतं. गच्चीवर मी एकटा होतो आणि पाण्याच्या टाकीवर टेकवून ठेवलेला माझा मोबाईल होता.

झालं असं. मर्दानी खेळाच्या क्लासला जाऊन दोन महिने झाले होते. वस्ताद कोल्हापूरकडचे. त्यांनी दोन महिने फक्त पवित्रे आणि सावकाश लाठी फिरवणं एवढंच करून घेतलं. (पेपरात "आक्रमक पवित्रा घेतला" असं वाचतो ना, तो पवित्रा मूळचा इथला. पाय कुठे आणि कसे टाकायचे ते.) मला आला कंटाळा. म्हटलं, एक रील तर करू. एका हाताने जोरात फिरवायला लागलो, ताल सुटला, आणि लाठी थांबवायला डावा हात आपोआप पुढे गेला. बोटं ताठ. लाठीचं टोक थेट बोटाच्या टोकावर.

रक्त नाही, फार दुखलंही नाही. आईने हळदीचा लेप लावला. वस्तादांना सांगायची हिंमत नव्हती, कारण "घरी एकट्यानं जोरात फिरवायची नाही" हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. तीन आठवड्यांनी त्यांचंच लक्ष गेलं.

"बोट सरळ कर बघू."

"होत नाही, वस्ताद."

"कधीपासनं?"

"तीन आठवडे झाले."

"आणि आज सांगतोयस होय रे!"

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की याला मॅलेट फिंगर म्हणतात. बोटाचं शेवटचं पेर वर उचलून धरणारी जी बारीक शीर असते, म्हणजे स्नायुबंधासारखी दोरी, ती ताठ बोटावर फटका बसला की तुटते किंवा हाडाचा कपचा घेऊन निघते. उपाय साधा आहे पण कटकटीचा. पट्टी लावून टोक सहा ते आठ आठवडे सलग सरळ ठेवायचं. सलग म्हणजे सलग. आंघोळीला पट्टी काढली आणि टोक एकदा जरी खाली पडलं तरी मोजणी पहिल्या दिवसापासून. मी पहिल्याच दिवशी गेलो असतो तर बोट पूर्ण सरळ होण्याची शक्यता बरीच जास्त होती. डाव्या अनामिकेखाली कीबोर्डवर 'एस' येतं. दिवसातून शंभर वेळा कंट्रोल-एस दाबणाऱ्या माणसाला हे बोट रोज आठवण करून देतं.

आता प्रश्न असा की स्वतःच्या हातातली वस्तू स्वतःला लागतेच कशी? मी आठ आठवडे एका हाताने कोड लिहीत होतो, त्यामुळे हिशोब करायला वेळ होता.

साधारण पाच फुटांची लाठी धरा, म्हणजे दीड मीटर. मधोमध धरून सेकंदाला दोन फेरे. टोकाचा वेग सेकंदाला सुमारे साडेनऊ मीटर येतो, म्हणजे ताशी 34 किलोमीटरच्या आसपास. गल्लीतून जाणाऱ्या स्कूटरइतका. आणि वेग दुप्पट केला की फटक्यातली ऊर्जा चौपट होते, हे अकरावीतलं सूत्र आहे.

पण खरी गोम वेगळी आहे. डोळ्यांनी काहीतरी पाहून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. पाव सेकंदात ही लाठी अर्धा फेरा पूर्ण करते. म्हणजे तुम्ही ज्या टोकाकडे बघून हात पुढे केलात ते टोक कधीच पलीकडे गेलेलं असतं, आणि त्याच जागी दुसरं टोक आलेलं असतं! मारतं ते न बघितलेलं टोक. म्हणून लाठी बघून फिरवता येतच नाही, ती अंगात बसावी लागते. वस्ताद दोन महिने सावकाश का फिरवून घेतात ते मला या गणितानंतर कळलं. आधी मला वाटायचं की फी वसूल करतायत.

लाठीत निदान एक सोय आहे. चुकलं तर सोडून देता येते. दांडपट्ट्यात तीही नाही. त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत येणारा पोकळ लोखंडी खोबळा, आतमध्ये आडवी दांडी, आणि पुढे तीन-साडेतीन फुटांचं लवचिक, दुधारी पातं. मनगट आत अडकलेलं. तलवारीचा वार चुकतोय असं वाटलं तर मनगट वळवून सावरता येतं, इथे सगळं कोपर आणि खांद्यावर. पडलात तर पट्टा घेऊनच पडता.

नवशिक्याला तो कुठे लागतो? बहुतेक वेळा मोकळ्या हाताला, नाहीतर पुढच्या पायाच्या नडगीला. वार वरून खाली येतो तेव्हा पुढचा पाय बाजूला सरकायला हवा. हात शिकलेला असतो, पाय उशीर करतो. शिवाय पातं लवतं, त्यामुळे हात थांबला तरी टोक थांबत नाही. सरावाच्या पात्याला धार नसते म्हणून निर्धास्त राहू नका, पातळ पोलाद वेगात आलं की बोथट असूनही कातडी फाडतं. 2024 च्या शिवजयंतीला सरकारने दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला, आणि तेव्हापासून माझ्या फीडवर तरी लिंबू कापणारे व्हिडिओ वाढलेत. त्या मुलामुलींचे पाय बघा, हात नका बघू.

केरळच्या कळरीपयट्टूत हाच विचार आणखी कडक आहे. आधी शरीराचे व्यायाम, मग लाकडी शस्त्रं, मग धातूची. पट्ट्यासारखी कमरेला गुंडाळता येणारी उरुमी तर अगदी शेवटी, कारण ती चुकली की पहिला वार फिरवणाऱ्यावरच.

आता लागलंच तर. कापलं असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर दाबून धरा, दहा मिनिटं, मधे उचलून "थांबलं का" बघायचं नाही. हळद, कॉफी पावडर वगैरे जखमेत भरू नका, डॉक्टरांना ते आधी धुवावं लागतं. बोटाला लागलं तर अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. बोट वाकत नसेल, सरळ होत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, मालिश करणारा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते सांगा. डोक्याला फटका बसून उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी झाली तर 108 ला फोन. आणि दात पूर्ण निघून आला तर तो मुळाशी न धरता वरच्या बाजूने धरा, दुधात टाका आणि अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे पोचा, परत बसू शकतो.

क्लासला मी पट्टी निघाल्यावर परत गेलो. वस्तादांनी लाठी दिली नाही, पहिले पंधरा दिवस नुसते पवित्रे. मोबाईल त्यांच्या पिशवीत ठेवायचा, ही अट फक्त मला होती, ती अजून चालू आहे.

पुढच्या एपिसोडला विटा, म्हणजे दोरी बांधलेला भाला. फेकल्यावर परत ओढताना तो कुणाकडे येतो ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तोवर भेटूच.